बालेकिल्ल्यावर पैसे लावताय? या चुका टाळा

‘दगड उभा केला तरी निवडून येईल’ अशा जागा अमेरिकेतही ढिगानं आहेत. तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांपैकी खरी चुरस मूठभर ठिकाणीच असते. तरी कॅल्शी, पॉलीमार्केटसारख्या प्रेडिक्शन मार्केटमध्ये या बालेकिल्ल्यांवरही सौदे होतात. हिशेब सोपा: अंदाज खरा ठरला तर सौद्यामागे एक डॉलर, नाही तर शून्य. ‘हो’चा भाव ९७ सेंट म्हणजे बाजाराच्या मते शक्यता साधारण ९७ टक्के.

आपला माणूस इथंच पहिल्यांदा गडबडतो. आपल्याकडच्या सट्ट्यात जो हमखास येणार, त्याचा भाव सगळ्यात कमी. इथं नेमकं उलटं, जितकी खात्री तितकं महाग. माझ्या एका मित्रानं तीन सेंटचा भाव बघून ‘हाच फेव्हरिट’ म्हणत खरेदी केली होती. (हे सगळं तिकडे राहणाऱ्यांसाठी. भारतात २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. व्हीपीएन लावून बघू, हा विचारही नको.)

वरचे तीन सेंट फुकटचे वाटणं

शंभर सौदे ९७ सेंटनं घेतले तर ९७ डॉलर अडकतात आणि सुटतात तीन. एकदा फटका बसला की तो भरून काढायला तेहतीस वेळा जिंकायला हवं. म्हणजे प्रश्न ‘हा येणार का?’ असा नाहीच. ‘अशा तेहतीस जागांत एखादी तरी उलटते का?’ असा आहे.

उलटते. २०२२मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघात निवडणुकीचे अंदाज बांधणाऱ्या फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाच्या मॉडेलनं डेमोक्रॅट मेरी ग्लूसेनकॅम्प पेरेझ यांना शंभरात दोन संधी दिल्या होत्या. त्या अडीच हजारांवर मतांनी जिंकल्या. कारण लपलेलं नव्हतं. रिपब्लिकन पक्षाच्या विद्यमान खासदार ऑगस्टच्या प्राथमिक फेरीतच (मुख्य लढतीआधीच्या छाटणीच्या मतदानात) बाद झाल्या होत्या आणि समोर उरलेले जो केंट हे फारच कडवे उमेदवार होते. जागा तीच, पण माणूस बदलला होता.

शिवाय मुदत बघा. मतदान अकरा महिन्यांवर असेल तर तीन टक्क्यांसाठी पैसे कोंडून ठेवण्यात काय अर्थ? २०२५मध्ये अमेरिकी सरकारी रोख्यांवरच चार टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. काही ठिकाणी अडकलेल्या रकमेवर व्याज देतात, ते आधी तपासा.

‘जागा पक्की’ म्हणजे ‘फरकही पक्का’ असं धरणं

सगळ्यात जास्त पैसे इथं जातात. ‘कोण जिंकेल’ यात मजा नाही म्हणून लोक ‘किती फरकानं’ या सौद्यांकडे वळतात आणि मागच्या निवडणुकीचा आकडा जसाच्या तसा उचलतात.

टेनेसीचा सातवा मतदारसंघ घ्या. नॅशव्हिलचा एक तुकडा, क्लार्क्सव्हिल आणि बाकी बराचसा ग्रामीण भाग. २०२४मध्ये ट्रम्प यांना इथं सुमारे २२ टक्क्यांची आघाडी होती. खासदार मार्क ग्रीन यांनी राजीनामा दिला आणि २ डिसेंबर २०२५ला पोटनिवडणूक झाली. रिपब्लिकन मॅट व्हॅन एप्स जिंकले, पण फक्त ९ टक्क्यांच्या आसपास फरकानं. जागा जागेवर, फरक निम्म्याहून कमी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्लोरिडाच्या सहाव्या मतदारसंघात ३० टक्क्यांची आघाडी १४वर आली होती. आणि हे फक्त रिपब्लिकन गडांत झालं असंही नाही. सप्टेंबरमध्ये व्हर्जिनियाच्या अकराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटांची ३४ची आघाडी ५०च्या घरात गेली. वारा सगळीकडे डेमोक्रॅटांच्याच दिशेनं वाहत होता. तो मतदारसंघाच्या जुन्या आकड्यात दिसत नाही, लगतच्या पोटनिवडणुकांत दिसतो.

उलटी चूकही होते. टेनेसीत मतदानाच्या काही दिवस आधी एमर्सन कॉलेजच्या जनमत चाचणीत अंतर जेमतेम दोन टक्के निघालं आणि कितीतरी जणांना चमत्काराचे डोहाळे लागले. अशा जागांवर चाचण्या होतात एक-दोन, म्हणून एकीनंच हुरळून जाऊ नये.

‘मार्केट ऑर्डर’ दाबणं

मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाला लगेच खरेदी. बालेकिल्ल्याच्या सौद्यात गिऱ्हाईक कमी असतं. मी एकदा हरणाऱ्याच्या बाजूचे दोनशे सौदे गंमत म्हणून घेतले, पडद्यावर भाव तीन सेंट. प्रत्यक्षात तीनला फक्त चाळीस होते, पुढचे साठ पाचला, उरलेले शंभर नऊला. सहा डॉलरचं काम १३ डॉलर २० सेंटला पडलं. विकायला गेलो तर समोर दोन सेंटचा एकच घेणारा, तोही दहा सौद्यांपुरता. तेव्हापासून लिमिट (यापेक्षा जास्त भाव देणार नाही, अशी मर्यादा) लावल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

नियम न वाचणं

प्रश्न उमेदवारावर आहे की पक्षावर? हे एकच वाक्य कितीतरी पैसे वाचवतं, कारण सुरक्षित असतो तो पक्ष, माणूस नव्हे. न्यूयॉर्कच्या चौदाव्या मतदारसंघात २०१८ साली दहा वेळा निवडून आलेले जो क्राउली यांना अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी प्राथमिक फेरीतच घरी बसवलं. जागा डेमोक्रॅटांकडेच राहिली. पक्षावर लावणाऱ्याचे पैसे आले असते, क्राउलींवर लावणाऱ्याचे बुडाले असते.

फरकाच्या सौद्यात टक्केवारी सगळ्या मतांची की दोनच पक्षांच्या मतांची, हेही बघा. अपक्षांनी एखादा टक्का खाल्ला तरी तुम्ही फरकाच्या शेजारच्या खान्यात (‘५ ते १०’ऐवजी ‘१० ते १५’ अशा) जाऊन पडता. आणि निकाल कधी धरणार, वृत्तसंस्थेनं जाहीर केल्यावर की अधिकृत प्रमाणपत्र आल्यावर? कॅलिफोर्नियात मतदानाच्या दिवसाचा टपाल शिक्का असलेली मतपत्रिका नंतर सात दिवसांपर्यंत पोचली तरी मोजतात. त्या काळात आकडा सरकत राहतो. ‘जिंकलो’ म्हणून ते पैसे लगेच दुसरीकडे लावायचा बेत असेल, तर तो तेवढे दिवस लांबणीवर टाका.