तिकिटावरच्या वेळांवरून विमानप्रवासाचे खरे तास कसे काढावेत

आधी दोन शहरांमधल्या अंतरावरून तासांचा ढोबळ अंदाज घ्या. ते अंतर काढताना सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका. टोकियो आणि लॉस एंजेलिस जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे नकाशावर दोघांमध्ये आडवी रेघ दिसते. तिच्यावरून गेलं तर सुमारे ९,३०० किलोमीटर भरतात. तेच पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा: तो उत्तरेकडे कमानीसारखा चढतो आणि अंतर ८,८०० वर येतं. विमानं साधारण याच वाटेनं जातात.

अंतराला विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ९०० किलोमीटरने भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. सव्वादहा तास. अंदाजाला एवढं पुरे.

लोक चुकतात ते तिकीट वाचताना. समजा, जुलैतलं तिकीट आहे: टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून लॉस एंजेलिसला सकाळी ११ ला पोहोचणार. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या घड्याळाच्या असतात, हे विसरून संध्याकाळ ते सकाळ म्हणजे १८ तास, असं मीही धरलं होतं. भावाचं मुक्कामाचं बुकिंग दुसऱ्या दिवसापासून केलं. तो पोहोचला निघाला त्याच तारखेला, आणि परक्या शहरात पूर्ण एक दिवस सामान घेऊन ताटकळला. त्याची ती थकलेली हाक फोनवर ऐकल्यापासून मी कुणाचंही तिकीट तोंडी हिशेबावर सोडत नाही.

'दोन शहरांच्या घड्याळांतला फरक मिळवा किंवा वजा करा' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. कधी मिळवायचा आणि कधी वजा करायचा, इथेच घोळ होतो. कागद घ्या आणि दोन्ही वेळा तारखेसकट जागतिक प्रमाणवेळेत (UTC, म्हणजे सगळ्या देशांची घड्याळं जिच्यावरून मोजतात ती वेळ) लिहा. टोकियो ९ तास पुढे, म्हणून तिथले संध्याकाळचे ५ म्हणजे सकाळचे ८. लॉस एंजेलिस जुलैत ७ तास मागे, म्हणून तिथले सकाळचे ११ म्हणजे त्याच तारखेचे संध्याकाळचे ६. आठ ते सहा, दहा तास. तारीख लिहायला विसरलात तर सगळी मेहनत वाया.

'जुलैत' मुद्दाम म्हटलं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जपानमध्ये ही भानगडच नाही. म्हणून हिवाळ्यात लॉस एंजेलिस ८ तास मागे असतं. पाठ केलेला फरक वापरू नका, प्रवासाच्या तारखेचा फरक बघा.

तिकिटावरचे तास गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचे असतात. धावपट्टीपर्यंत जाणंही त्यातच येतं.

परतीला तेवढेच तास धरू नका. या पट्ट्यात उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. लॉस एंजेलिस ते टोकियो साडेअकरा-बारा तास लागतात आणि उतरताना तारीख पुढची असते. त्या तिकिटाचा हिशेब वेगळा मांडा.