उबुंटूवरून मिंटवर जाताना स्नॅपचं फोल्डर जपा

मी साताऱ्यात घरूनच मुद्रितशोधन करते. लॅपटॉप जुना आहे: ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टिम होती. मला एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप आणि डेब पॅकेजमधला फायरफॉक्स हवा होता (डेब म्हणजे डेबियन पद्धतीचं साधं पॅकेज; उबुंटू फायरफॉक्स स्नॅप नावाच्या वेगळ्या पॅकेजात देतं), म्हणून लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. उबुंटूवरून मिंटवर कशी गेलीस, असं ओळखीतल्या तिघींनी मला विचारलं, तेव्हा जसं केलं तसं लिहिते आहे.

मिंट २२ उबुंटू २४.०४ वर उभं आहे, आणि उबुंटू डेबियनवर. तिघंही एकाच भावकीतले, त्यामुळे बहुतेक सॉफ्टवेअर तेच मिळतं. पण एवढं साम्य आहे म्हणून उबुंटूच्याच सोर्सच्या यादीत (सॉफ्टवेअर जिथून उतरतं त्या पत्त्यांच्या यादीत) मिंटचे पत्ते घालून जागच्या जागी बदल करायला जाऊ नका. दोन्हीकडची पॅकेजं एकमेकांत मिसळली की पुढचं अपडेट कुठे अडेल ते सांगता येत नाही. सिस्टिम पुसून नवी टाका, होम, म्हणजे तुमच्या फाइली आणि सेटिंग्जचं फोल्डर, तेवढं जपा.

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची अख्खी सिस्टिम असलेली) उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते सांगणारी खूण, मिंटने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्या वेबसाइटवर हल्ला होऊन लोकांना छेडछाड केलेली आयएसओ मिळाली होती. हे काम दोन मिनिटांचं आहे, टाळू नका. मग एचर या प्रोग्रॅमने आयएसओचा पेनड्राइव्ह तयार करा आणि इन्स्टॉल करण्याआधी त्यावरूनच लॅपटॉप सुरू करून वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं तपासा.

आता बॅकअप. बाहेरची डिस्क बहुधा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते आणि तिच्यावर लिनक्सच्या फाइलींची मालकी आणि परवानग्या टिकत नाहीत. म्हणून मी फाइली सुट्या उतरवल्या नाहीत. अख्ख्या होमचं एकच टार आर्काइव्ह (परवानग्यांसकट सगळ्या फाइली बांधलेली एक फाइल) केलं, ते डिस्कवर ठेवलं आणि उघडतंय ना ते पाहिलं. लपलेल्या फाइलीही त्यात येतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की त्या दिसतात. ही कळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

माझ्या डिस्कवर होमचं पार्टिशन (डिस्कचा भाग) आधीपासून वेगळं होतं: ४० जीबी सिस्टिमला, बाकी बहुतेक होमला. इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडलं की सगळी पार्टिशनं दिसतात, पण आकार एमबीत असतात. म्हणून 'डिस्क्स' प्रोग्रॅम उघडून मी ते आधीच कागदावर उतरवून ठेवले होते. साधारण चाळीस हजार एमबीचं ते सिस्टिमचं. त्याला माउंट पॉइंट (पार्टिशन जिथे जोडायचं ती जागा) म्हणून नुसती तिरपी रेघ (/) दिली आणि फॉरमॅटची खूण केली. मोठ्या पार्टिशनला तिरपी रेघ आणि पुढे होम (/home), आणि फॉरमॅटची खूण नाही. 'इन्स्टॉल नाऊ' दाबण्याआधी ही खूण पुन्हा बघा. मी तीनदा बघितली. होम वेगळं नसेल तर नवं इन्स्टॉल करून आर्काइव्हमधून हवं ते परत आणा.

यूजरचं नाव अक्षर न् अक्षर जुनंच द्या, म्हणजे जुनं फोल्डर तुमचंच राहतं. पासवर्डही तोच ठेवा. साठवलेले पासवर्ड ज्या कीरिंगमध्ये असतात, तिचं कुलूप जुन्या लॉगिन पासवर्डनेच उघडतं.

मिंट सुरू झालं की आधी अपडेट मॅनेजर पूर्ण चालवा. फायरफॉक्स तोवर उघडू नका. कारण आयएसओमधला फायरफॉक्स तुमच्या प्रोफाइलपेक्षा (बुकमार्क, पासवर्ड असतात त्या फोल्डरापेक्षा) जुना असू शकतो, आणि नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही.

खरी अडचण इथे आहे. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, त्यामुळे त्याचं प्रोफाइल होममधल्या 'स्नॅप' फोल्डरात, 'फायरफॉक्स', मग 'कॉमन' आणि त्याच्या आत लपलेल्या 'मोझिला' फोल्डरात असतं. मिंट २० पासून मिंटमध्ये स्नॅप मुळातच बंद ठेवलेलं असतं. तिथला डेब फायरफॉक्स ते प्रोफाइल शोधायला स्नॅपच्या फोल्डरात जातच नाही, आणि ब्राउझर कोराकरकरीत उघडतो. भाच्याच्या लॅपटॉपवर मी 'आता स्नॅप नाही, मग हे फोल्डर कशाला' म्हणून ते पुसलं. त्याचे चार वर्षांचे बुकमार्क आणि पासवर्ड त्यातच होते. आर्काइव्ह होतं म्हणून परत आले.

तेव्हा असं करा. होममध्ये आधीचं लपलेलं 'मोझिला' फोल्डर असेल तर त्याचं नाव बदलून ठेवा. स्नॅपमधलं तेच फोल्डर होममध्ये कॉपी करा, कट नको. फायरफॉक्स तरीही कोरा दिसला तर पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', कोलन, 'प्रोफाइल्स' टाइप करा, यादीतलं जुनं प्रोफाइल निवडा आणि तेच कायमचं करा.

लिब्रेऑफिसमधला माझा शब्दकोश मला बुकमार्कांहून मोलाचा आहे. सहा वर्षं प्रुफं वाचताना एकेक शब्द घालून तो वाढवला आहे. तो लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरात, 'लिब्रेऑफिस', '४', 'यूजर', 'वर्डबुक' असा आत असतो. माझं लिब्रेऑफिस स्नॅपचं नव्हतं, त्यामुळे तो आपोआप सोबत आला. नव्या डेस्कटॉपवर थीम किंवा आयकॉन विचित्र दिसले तर अख्खं 'कॉन्फिग' उडवा असा सल्ला देणारे भेटतील. उडवू नका. शब्दकोशही त्याच्याबरोबर जाईल.

मराठीसाठी सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये लेआउट उघडा. 'यूज सिस्टिम डिफॉल्ट्स'ची खूण काढल्याशिवाय तिथे काही बदलता येत नाही. ती काढून मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींच्या प्रमाण कीबोर्डचं मराठी रूप) जोडा. मग 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ऱ्हास' टाइप करून पाहा. शिफ्ट-जे (ऱ), मग डी (हलन्त), मग य, असं दाबल्यावर ऱ्य नीट जुळला म्हणजे लेआउट बरोबर लागलं. होममधल्या फॉन्टच्या फोल्डरात टाकलेले फॉन्ट जिथल्या तिथे असतात, पण सिस्टिममध्ये टाकलेले गेलेले असतात, ते पुन्हा घाला.

सगळं जमल्यावर टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने पहिला स्नॅपशॉट (सिस्टिम परत आणता येईल अशी प्रत) घ्या. तो सिस्टिमचा असतो, होम त्यात धरलेलं नसतं. त्यामुळे आर्काइव्हची डिस्क मी अजून पुसलेली नाही. दिवाळी अंकांची प्रुफं हातावेगळी झाली की मगच पुसेन.