वनस्पतींच्या छेदांचे फ्लुओरेसंट स्टेनिंग: या चुका टाळा

खोडाचा छेद निळाभोर उजळला की स्टेनिंग (चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) जमले असे वाटते. पण वनस्पतीची ऊती रंग न घालताही उजळते. अतिनील प्रकाशात लिग्निन (लाकडी भित्तिकांतला कठीण घटक) निळे दिसते, गवतवर्गीय वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतले फेरुलिक आम्लही निळे, तर हरितद्रव्य लालभडक. कॅल्कोफ्लोर (पेशीभित्तिका रंगवणारा) आणि डॅपी (केंद्रक रंगवणारा) हे रंगही निळेच चमकतात. मग दिसतेय ते रंगाचे की झाडाचे?

बिनरंगाचा छेद न ठेवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. त्याच खोडाचा, तेवढ्याच जाडीचा एक छेद रंग सोडून बाकी सगळ्या पायऱ्यांतून न्या आणि त्याच फिल्टरने, तेवढ्याच एक्स्पोजरने टिपा. ऑटो एक्स्पोजर बंदच हवे, नाहीतर कॅमेरा अंधुक छेदही उजळवून दाखवतो आणि तुलना वाया जाते.

हा छेद पाण्यात ठेवून भागत नाही, रंग ज्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आहे त्याच बफरमध्ये ठेवावा लागतो. गवताच्या पानाच्या छेदावर सौम्य अमोनियाचा थेंब टाकून पाहा: भित्तिकांची निळी चमक हिरवट होते. अल्कधर्मी बफरमध्येही तेच घडते आणि ती हिरवट झाक रंगाची समजली जाते.

अ‍ॅनिलिन ब्लू आणि जखमेचा कॅलोज

कॅलोज (भित्तिकेत साचणारे शर्करेचे बहुवारिक) दाखवण्यासाठी ०.०१ टक्के अ‍ॅनिलिन ब्लू १५० मिलिमोलर डायपोटॅशियम फॉस्फेटमध्ये, सामू ९.५ ला वापरतात. द्रावण अंधारात ठेवले की निळेपणा उतरत जातो. रंग खराब झाला म्हणून ते ओतून देऊ नका. चमक या निळ्या रंगाची नसतेच; ती त्यात असलेल्या वेगळ्या घटकाची, सिरोफ्लुओरची असते.

खरी फसगत त्याआधी होते. ताज्या ऊतीला पाते लागले की काही मिनिटांतच जखमेभोवती कॅलोज साचू लागतो. मग चाळणीपट्टीवरच्या (अन्नवाहिन्यांतल्या सच्छिद्र आडभिंतीवरच्या) ठिपक्यांबरोबर कापाच्या कडेच्या साध्या पेशींच्या भित्तिकांवरही ठिपके उमटतात. म्हणून तुकडा कापताक्षणी फिक्सेटिव्हमध्ये (ऊती आहे त्या स्थितीत टिकवणाऱ्या द्रावणात) टाका, छेद नंतर घ्या, आणि मूळ कापाजवळचा भाग मोजणीत धरू नका.

फिक्सिंगमधली घाई

ग्लुटराल्डिहाइडमुळे सगळ्या ऊतीला पसरट चमक येते. फ्लुओरेसन्ससाठी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड बरे. तुकडे तरंगत असतील तर पेशींमधल्या पोकळ्यांत हवा आहे, म्हणजे मधला भाग फिक्स झालेलाच नाही. निर्वात पंप लावा, दाब सावकाश सोडा आणि तुकडे तळाला बसेपर्यंत हे पुन्हा करा. पानातले हरितद्रव्य आड येत असेल तर तुकडे ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवून ते बदलत राहा.

चमकणारे कण, उजळलेले केंद्रक

छेदाबाहेर, नुसत्या काचेवरही निळे स्फटिक लुकलुकत असतील तर कॅल्कोफ्लोर साका होऊन खाली बसले आहे. आम्लधर्मी द्रावणात हे हमखास होते. सामू किंचित अल्कधर्मी ठेवा, वापरण्यापूर्वी ०.२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. ०.०१ ते ०.१ टक्के द्रावणात १ ते ५ मिनिटे पुरतात, त्यानंतर दोनदा धुवा.

कॅल्कोफ्लोरसोबत डॅपी नको, दोन्ही एकाच फिल्टरमध्ये येतात. केंद्रकासाठी प्रोपिडियम आयोडाइड घेता येते, पण ते आरएनएलाही चिकटते आणि पेशीद्रव्य गढूळ लाल दिसते. फिक्स केलेल्या छेदावर आधी आरएनए तोडणारे विकर आरएनेज (१०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंश सेल्सिअस, ३० मिनिटे) द्या. जिवंत ऊतीत मात्र हाच रंग भित्तिका रंगवतो आणि केंद्रक फक्त मेलेल्या पेशींचे उजळते. हरितद्रव्याची चमक ६८० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणून लाँगपास (ठरावीक लांबीपुढचा सगळा प्रकाश सोडणारा) नव्हे, ६१७ भोवतीचा बँडपास (ठरावीक पट्टाच सोडणारा) फिल्टर लावा.

छेद, काच आणि प्रकाश

हाताने घेतलेला छेद १०० मायक्रॉनच्या वर गेला की खालच्या थरांची चमक वर येते आणि भित्तिका दुहेरी दिसतात. कव्हरस्लिप (छेदावर ठेवायची पातळ काच) ०.१७ मिलिमीटरचीच घ्या. फोकस साध्या प्रकाशात जुळवा, शटर फक्त फोटोपुरते उघडा. कडा नेलपॉलिशने बंद करत असाल तर ते स्वतः चमकते हे लक्षात घ्या: छेद कडेपासून लांब ठेवा आणि पॉलिश पूर्ण वाळल्यावरच स्लाइड लेन्सखाली न्या.