नाजूक लष्करी मॉडेल्स: कशी निवडावीत, कशी उचलावीत आणि पावसाळ्यातून कशी वाचवावीत

माझ्या १/७२ स्केलच्या मिग-२१च्या नाकावर एक लांब सुई होती. विमानाचा वेग मोजण्यासाठी असते ती पिटो ट्यूब. कुरिअरची गोदामं, टेम्पो, वॉचमनचं टेबल या सगळ्यांतून ती धडधाकट आली आणि खोकं उघडल्यावर दहाव्या सेकंदाला माझ्याच अंगठ्याखाली मोडली. ट्रेमधून विमान निघेना, म्हणून मी त्याला नाकाला धरून ओढलं होतं.

ही मॉडेल्स खेळण्यांसारखी दिसतात, पण ती बनवलेली असतात शोकेससाठी. अँटेना केसाएवढी, मशीनगन काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं मी हात पोळल्यावर शिकलोय.

१. आधी स्केल ठरवा, मग कपाट मोजा

१/७२ म्हणजे खऱ्या वस्तूच्या बहात्तराव्या भागाएवढी. सहा फुटी जवान १/७२ मध्ये जेमतेम अडीच सेंटिमीटर भरतो, १/३५ मध्ये पाच, १/१८ मध्ये दहा आणि १/६ मध्ये तब्बल तीस. विमानांसाठी १/७२ आणि रणगाड्यांसाठी १/३५ जास्त चालतं. त्या ३५ च्या आकड्यामागे फार मोठं शास्त्र नाही. शिझुओकाच्या तामिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं किट, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायचं मॉडेल, काढलं. पोटात मोटर आणि बॅटरी बसली पाहिजे, या हिशेबानं त्याचा आकार ठरला आणि पुढे तोच आकडा जगभर रूढ झाला.

आता कपाट. हॉकर हंटर विमान सुमारे १४ मीटर लांब. १/७२ मध्ये ते १९ सेंटिमीटरचं होतं, १/१८ मध्ये पाऊण मीटरच्या वर जातं. वन बीएचकेमध्ये अशी दोन विमानं आली की तिसऱ्या विमानाआधी घरच्यांशी तह करावा लागतो.

विषयही शक्यतो एकच धरा. उदाहरणार्थ, डिसेंबर १९७१ची लोंगेवालाची लढाई: जैसलमेरहून उडालेली हंटर, समोरचे पाकिस्तानी टाइप-५९ रणगाडे, आपल्या जीपवरची १०६ मिलिमीटरची तोफ. सगळं एकाच स्केलमध्ये घेतलं तर एका फळीवर लढाई उभी राहते. दिसेल ते घेत गेलात तर फळी जुन्या बाजारासारखी दिसायला लागते.

२. पैसे देण्याआधी फोटो मागा

तयार रंगवलेलं डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, मॉडेल सेकंडहँड घेताना समोरून काढलेला देखणा फोटो काही कामाचा नसतो. विकणाऱ्याला सांगा: नाकाचा फोटो हवा, पोटाचा हवा, चाकांच्या दांड्यांचा हवा, तोफेच्या टोकाचा हवा. सुट्या भागांची पिशवी आतल्या ट्रेमध्ये आहे का, ते विचारा. अनेक विमानांना चाकं बाहेर काढलेली आणि चाकं आत घेतलेली अशी दोन्ही रूपं देता येतात. त्यासाठीचे झाकणाचे तुकडे नखाएवढे असतात आणि सगळ्यांत आधी तेच हरवतात.

धातूकडे नीट बघा. डायकास्टमधला धातू म्हणजे बहुतेक वेळा जस्ताचा मिश्रधातू. ओतताना त्यात शिशाची भेसळ राहिली असेल तर वर्षांनंतर तो आतून दाण्यादाण्यानं सुटायला लागतो. रंगाखाली केसासारख्या भेगा, विनाकारण वाकलेला पंख, फुगून घट्ट झालेले सांधे ही त्याची लक्षणं. यावर उपाय नाही, तेव्हा असं मॉडेल कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या. हा रोग शेजारच्या मॉडेलला लागतो, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. तसं होत नाही. ज्या तुकड्यात मुळात भेसळ आहे, तोच तुकडा सडतो.

परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आधी धरा. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं मूळ शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, तेव्हा अनेकांचे हिशेब कोलमडले. ऑर्डर देण्याच्या दिवशी चालू असलेला दर बघूनच बजेट ठरवा.

मॉडेलचे तपशील खऱ्याशी पडताळायला आपल्याकडे दोन उत्तम जागा आहेत. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खरे रणगाडे हातभर अंतरावरून बघता येतात. गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर उभी आहेत. तिथे काढलेले फोटो फोनमध्ये ठेवा. मॉडेलवरचा राखाडी रंग बरोबर की चूक, हा वाद तिथेच मिटतो.

३. खोकं उघडताना

जमिनीवर नको, टेबलावर. खाली पांढरा जाड टॉवेल अंथरा, म्हणजे पडलेला भाग उसळत नाही आणि दिसतोही. पंखा बंद. आमच्या जुन्या घरात ठिपक्याठिपक्यांची मोझेइक फरशी होती. तिच्यावर पडलेली रणगाड्याची हेडलाइट अजून सापडायची आहे. तरी शोधायचंच असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवा, बारीक तुकड्याचीही लांब सावली पडते. किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर जुना पातळ पायमोजा ताणून बांधा आणि फिरवा. तुकडा मोज्याला चिकटून येतो.

ट्रे निघत नसेल तर मॉडेल ओढायचं नाही. वरचा पारदर्शक ट्रे चारही कोपऱ्यांना थोडाथोडा उचलत सैल करा, मग खालच्या ट्रेसकट सगळं हळूच हातावर उलटं करा. त्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. कोणता भाग कुठल्या खाचेत होता, हे घर बदलताना तुम्हाला आठवणार नाही.

४. हात कुठे लावायचा

रणगाडा दोन्ही बाजूंनी, पट्ट्यांच्या वरच्या कडेला धरायचा. टरेटला, म्हणजे वरच्या तोफेच्या फिरत्या घुमटाला, धरून कधीच नाही, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये ते नुसतं खोबणीत बसवलेलं असतं. हातात टरेट राहतं आणि खालचा रणगाडा फरशीवर जातो. विमान पोटाखालून, पंख जिथे धडाला मिळतात तिथे. शिशाचा सैनिक बेसला धरून. बंदूक, भाला आणि घोड्याची शेपटी या जागा नुसत्या बघायच्या. हात कोरडे हवेत. बोटांचा घाम रंगावर आणि उघड्या धातूवर डाग ठेवतो.

पाहुण्यांची मुलं आली की मी एक साधा स्वस्त रणगाडा पुढे करतो. तो याच कामासाठी घेतलेला आहे.

५. हवा, कपाट आणि वर्तमानपत्र

खरं नुकसान होतं ते इथे. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून माळ्यावर टाकायची आपल्याला सवय. मातीच्या मावळ्याला ते चालतं, शिशाच्या सैनिकाला नाही.

लंडनच्या ब्रिटन कंपनीनं १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे सैनिक काढले. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, बाहेरचा थर गोठला की उरलेलं परत बाहेर काढायचं. त्यामुळे ते हलके आणि स्वस्त झाले. हिंदुस्थानी पलटणीही त्यात होत्या, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीसुद्धा. १९६६ मध्ये शिशाचं हे उत्पादन थांबलं. त्यामुळे आज हाती येणारा असा प्रत्येक सैनिक साठीच्या आसपास किंवा पुढचा आहे, आणि त्याची कातडी पातळ आहे.

एका ओळखीच्यांच्या घरी असे सैनिक पुठ्ठ्याच्या डब्यात, वर्तमानपत्रात होते. उघडले तेव्हा टाचांपासून गुडघ्यांपर्यंत पांढरट बुरशी आल्यासारखी दिसली. बोटावर पीठ आलं. ती बुरशी नव्हती. लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा आणि स्वस्त कागद यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिशाचं शिसं-कार्बोनेट झालं होतं. हे पीठ विषारी असतं, फुंकर मारायची नाही. हातमोजे घाला, नंतर हात धुवा, मुलांना लांब ठेवा. आणि इथे दोष ठेवण्याच्या जागेचा असल्यामुळे एकाला झालं की शेजाऱ्यालाही होऊ शकतं.

म्हणून शिशासाठी काच आणि पावडर कोटिंग केलेला लोखंडी सांगाडा उत्तम. काचेचं कपाट नवं करून घेतलंत तर काचांच्या सांध्यात भरलेल्या सिलिकॉनचा वास घेऊन बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत काही आठवडे कपाट उघडं आणि रिकामं ठेवा. गुंडाळायला आम्लविरहित टिश्यू पेपर वापरा. बबलरॅप थेट रंगाला लावला तर गोल गोल वण उमटतात, तेव्हा मध्ये टिश्यूचा थर हवाच.

प्लॅस्टिकचे दुखणे वेगळे. आईनं प्रेमानं कपाटात डांबरगोळ्या टाकल्या असतील तर आजच काढा, त्यांच्या वाफेनं पॉलिस्टायरिन, म्हणजे किटचं कडक प्लॅस्टिक, मऊ पडतं. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे पट्टे आणि टायर ज्या प्लॅस्टिकला टेकतात ते खातात. मध्ये रंगाचा थर किंवा पातळ फॉइल हवं. पीव्हीसीचे सैनिक काही वर्षांनी चिकट होतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि सावलीत वाळवा. १/६ च्या बाहुल्यांचे नकली चामड्याचे बूट आणि पट्टे मात्र दमट हवेत सोलवटतात, ते थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं.

किती कोरडं हवं? ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती सहज ऐंशीच्या वर जाते. छोटं आर्द्रतामापक कपाटात ठेवा आणि दारं घट्ट बसत असतील तरच सिलिका जेल भरा, नाहीतर ते अख्ख्या खोलीची हवा कोरडी करत बसतं. केशरी रंगाचं घ्या. रंग पालटला की साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. उन्हाची तिरीप येणारी भिंत टाळा, डेकल (मॉडेलवर चिकटवलेली चिन्हं आणि आकडे) पिवळी पडतात.

६. धूळ

कापडानं पुसायचं नाही. मऊ मेकअप ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर पुरे. वरून खाली, बाहेरच्या टोकाकडे. कामाला येणाऱ्या मावशींना स्पष्ट सांगा की या कपाटाला फडकं लावू नका. नाही सांगितलं तर त्या मनापासून पुसतील आणि अँटेना केरात जाईल. त्यात त्यांची चूक नाही.

७. मोडलंच तर

आधी तुकडा छोट्या पिशवीत टाका, वर तारीख आणि मॉडेलचं नाव लिहा. मग विचार करा. जुन्या, दुर्मीळ सैनिकाला स्वतः चिकटवू नका. पूर्वीच्या मालकानं मानेत काडेपेटीची काडी खुपसून डोकं बसवलेलं असेल तर तेही राहू द्या, तो त्याच्या इतिहासाचा भाग झाला.

नव्या मॉडेलला हात लावायला हरकत नाही. कॉकपिटच्या काचेजवळ सुपरग्लू नको, त्याच्या वाफेनं काच धुरकट होते. तिथे पांढरा फेविकॉल, सुकल्यावर पारदर्शक होतो. मोडलेली अँटेना करायची तर किटच्या उरलेल्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर गोल फिरवत धरा. मधला भाग चकाकायला लागून लवला की बाजूला घेऊन दोन्ही टोकं सावकाश ओढा. केसासारखा दोरा निघतो. पहिले चार-पाच वाया जातात.

तोफेची किंवा पिटोची नळी नुसत्या गोंदानं टिकत नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या हातड्रिलनं दोन्ही बाजूंना छिद्र पाडायचं आणि आत तार घालायची. माझ्या मिगला गिटारची सगळ्यांत बारीक तार लागली, साधारण पाव मिलिमीटरची, मागे थेंबभर गोंद. दोन संध्याकाळी गेल्या. मूळ सुई पिशवीत आहे, वर तारीख घालून. आता ते विमान मी पोटाखालून उचलतो.