रॉक कॉन्सर्टला जाताय? मुंबईत या चुका टाळा

गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड २०१२ साली मुंबईत वाजवून गेला तेव्हा त्यांचा गाजलेला गिटारवादक स्लॅश बँडमध्ये नव्हता. स्लॅश आणि बेसवादक डफ मकेगन या दोघांसह हा बँड मुंबईकरांसमोर उभा राहिला तो १७ मे २०२५ रोजी, महालक्ष्मी रेसकोर्सवर. यू२ या आयरिश बँडला तर मुंबईत यायला २०१९चा डिसेंबर उजाडला. आपल्याकडे आवडत्या बँडची वाट अशी दहा-दहा, वीस-वीस वर्षं पाहिली जाते. शाळेत असताना कॅसेटवर ऐकलेलं गाणं माणूस केस पिकल्यावर समोर ऐकतो.

म्हणूनच इतकी वर्षं थांबलेला माणूस शेवटची तीन गाणी बाकी असताना गेटकडे पळताना दिसला की जिवाला लागतं. कोणी गाडी चुकेल म्हणून निघतो, कोणाला चक्कर आलेली असते, कोणाचा मित्र सापडत नसतो. गाण्यांची तयारी सगळ्यांची असते, सेटलिस्ट, म्हणजे शोमधल्या गाण्यांची यादी, तोंडपाठ असते. घसरतं ते मैदानाचं आणि परतीचं गणित. माझा आग्रह आहे की कॉन्सर्टचा दिवस शेवटाकडून आखा. घरी कसं पोहोचणार हे आधी ठरवा, मग मागे मागे येत सकाळपर्यंत या.

परतीचा विचार मैदानात पोहोचल्यावर करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मुंबईत मोठे शो मुख्यतः तीन ठिकाणी होतात आणि तिन्हींची परत यायची वाट वेगळी आहे.

नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम हार्बर मार्गावर. नेरुळहून एक गाडी कुर्ला-वडाळामार्गे सीएसएमटीला जाते आणि दुसरी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला. डोंबिवली-कल्याणच्या माणसाला ठाण्याची गाडी सोयीची. ती चुकली तर आधी कुर्ला गाठा, मग तिथून मेन लाइनने उलटं या, असा मोठा वळसा पडतो. म्हणून दोन्ही मार्गांच्या शेवटच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अॅपवर वेगवेगळी पाहून ठेवा. नुसती हार्बरची पाहून भागत नाही, कारण पुढे ठाण्याला किंवा कुर्ल्याला बदलायची गाडीही मिळायला हवी.

महालक्ष्मी स्टेशनवर फास्ट गाड्या थांबत नाहीत. विरार-बोरिवलीकडच्या लोकांनी मिळेल ती स्लो पकडावी आणि दादरला फास्ट बदलावी. मेट्रो ३चं महालक्ष्मी स्टेशन आता जवळच झालंय, पण मेट्रो लोकलपेक्षा लवकर बंद होते, तेव्हा तिच्या भरवशावर राहताना वेळ पक्की करा. बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, मैदानातून बाहेर पडल्यावर वांद्रे किंवा कुर्ला स्टेशनसाठी शेअर रिक्षा मिळेल ही आशा सोडा. चालायची तयारी ठेवा.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार खुल्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाहीत. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढाच अपवाद. त्यामुळे मैदानातला शो साधारण दहापर्यंत आटोपतो आणि शेवटच्या लोकलला बहुतेकदा बराच अवकाश असतो. शेवटचं गाणं सोडून पळायची गरज नसते. उलट शो संपल्यावर वीस-पंचवीस मिनिटं मैदानातच बसा, पाणी प्या, पहिला लोंढा जाऊ द्या.

याच नियमाची दुसरी बाजू लोक विसरतात. दहाला संपवायचं म्हणजे बँड वेळेवर सुरू करतो. लग्नाच्या रिसेप्शनला जावं तसं आठ-साडेआठला पोहोचलेल्यांचं अर्धं गाणं-बजावणं हुकलेलं असतं. रविवारचा शो असेल तर दुपारच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रकही पाहा.

अॅपवरची टॅक्सी हवी असेल तर गेटसमोर उभं राहून बुक करू नका. पोलिसांनी रस्ता बंद केलेला असतो, ड्रायव्हर पोहोचू शकत नाही, भाडं चढत राहतं. किलोमीटरभर चालून मोकळ्या रस्त्यावर या आणि मग बुक करा.

तिकिटाच्या बाबतीत घाई

२०२४च्या सप्टेंबरमध्ये कोल्डप्लेच्या नेरुळच्या शोची विक्री सुरू झाली तेव्हा ऑनलाइन रांगेत लाखो लोक होते, आणि थोड्याच वेळात तीच तिकिटं इतर साइटवर कित्येक पट दराने दिसू लागली. अशा वेळी हताश माणूस कुठूनही तिकीट घेतो. पण एकच क्यूआर कोड पाच जणांना विकता येतो, आणि गेटवर पहिल्यांदा स्कॅन करणाराच आत जातो. बाकी चौघांकडे खरं दिसणारं पण निकामी तिकीट उरतं. अधिकृत विक्रेत्याने नाव बदलायची किंवा तिकीट दुसऱ्याच्या खात्यावर पाठवायची सोय दिली असेल तरच दुसऱ्याकडून घ्या.

विक्रीच्या दिवशी आधीच लॉग-इन करून ठेवा, कार्डाची आणि यूपीआयची दिवसाची मर्यादा तपासा, आणि रांगेत नंबर लागल्यावर पान रिफ्रेश करू नका. तिकीट मिळाल्याचा आनंद स्टोरीवर टाकताना कोड झाका. रिस्टबँड कुरिअरने येणार असेल तर पत्ता नीट भरा आणि त्या आठवड्यात घरी कोणी असेल असं पाहा.

बाहेरगावहून येणाऱ्यांनी एक जुनी आठवण मनात ठेवावी. ऑक्टोबर २०११मध्ये मेटॅलिका या मेटल बँडचा गुडगावचा शो ऐनवेळी रद्द झाला, लोक मैदानात जमलेले असताना. दोन दिवसांनी बंगळुरूचा मात्र झाला. म्हणून नाशिक-कोल्हापूरहून येताना रद्द करता येईल अशीच राहायची सोय करा. आणि चार जणांची तिकिटं एकाच्या खात्यावरून काढली असतील तर परताव्याचे पैसे त्याच्याच खात्यात येतात, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

जागा जाईल म्हणून पाणी न पिणं

स्टेजपुढच्या बॅरिकेडला चिकटून उभं राहायचं म्हणून लोक दुपारी गेट उघडताच आत शिरतात आणि मग शौचालयाला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. जेवणही टाळतात. मुंबईच्या दमट हवेत हे शरीराला झेपत नाही. घाम जात राहतो, एका जागी ताठ उभं राहिल्याने रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. तोही नेमका बँड स्टेजवर येण्याच्या सुमारास, कारण तेव्हाच मागून रेटा वाढतो आणि हवा कोंडते.

त्यावर उपाय साधे आहेत. सकाळपासून थोडं थोडं पाणी प्या. दुपारी पोटभर वरण-भात किंवा पोळी-भाजी खा, नुसत्या वडापाववर दिवस काढू नका. आत बाटली नेता येत नसेल तर ओआरएसची पाकिटं चालतात का ते विचारा, आत पाणी भरायची सोय कुठे आहे ते शिरतानाच पाहून घ्या. उभं असताना गुडघे ताठ धरू नका, टाचा वर-खाली करत राहा, म्हणजे पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात गुंई झालं की लगेच खाली बसायची जागा मागा किंवा पुढच्या सुरक्षारक्षकाला हात करा. ते बॅरिकेडवरून उचलून बाहेर घेतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जागा गेली तरी शो मागून दिसतो, बेशुद्ध पडलात तर तोही नाही.

कोणी शुद्ध हरपून पडलं तर भोवतालच्यांनी हात पसरून गोल करावा, त्याला आडवं झोपवून पाय वर करावेत आणि तोंडात पाणी ओतू नये.

गर्दीचा रेटा ओळखता न येणं

२९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं गेली. १९७९ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत द हू या ब्रिटिश बँडच्या शोला दारं उघडण्याच्या गडबडीत ११ चाहते गेले. दोन्हीकडे आपण चेंगराचेंगरी म्हणतो, पण अशा ठिकाणी माणूस बहुधा पायाखाली तुडवला गेल्याने मरत नाही. चारी बाजूंच्या दाबाने छाती फुलेनाशी होते आणि श्वास कोंडतो. उभ्या उभ्याही.

चौरस मीटरला चार-पाच माणसांपर्यंत गर्दी आपल्या इच्छेने हलते. त्यापुढे ती पाण्यासारखी वाहू लागते आणि आपण तिच्याबरोबर वाहतो. चेहऱ्याला हात लावायला जागा नसणं, आपण न हलता सरकणं, गर्दीतून लाटा येणं, ही धोक्याची लक्षणं आहेत. ती दिसली की कितीही आवडतं गाणं सुरू असो, निघा. लाट येईल तेव्हा तिला विरोध करू नका, ती ओसरते त्या क्षणी तिरकं, कडेच्या दिशेने दोन पावलं टाका, आणि पुन्हा थांबा. दोन्ही हात छातीपुढे धरून फासळ्यांना जागा राखा. खाली पडलेला फोन उचलायला वाकू नका, तो गेला असं समजा. बॅग पाठीवर नको, पुढे घ्या.

पिटमध्ये, म्हणजे चाहते एकमेकांना धक्के देत नाचतात त्या घोळक्यात, उतरणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. बुटाच्या नाड्या आत खोचा, घड्याळ आणि चष्मा मित्राकडे द्या, आणि कोणी पडला की सगळ्यांनी थांबून त्याला उठवायचं. मेटलच्या मैदानात हा न लिहिलेला कायदा आहे आणि तो मोडणारा माझ्या लेखी चाहता नाही. १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक या मुंबईच्या रॉक महोत्सवाच्या दिवसांत धोबी तलावच्या रंगभवनात हा धडा एका पिढीने दुसरीला दिला. पुढे शांतता क्षेत्राच्या निर्बंधांमुळे तिथले कार्यक्रम थांबले, पण धडा जिवंत राहायला हवा.

सगळ्यात पुढे म्हणजे सगळ्यात चांगलं, हा समज

पुढून चेहरे दिसतात, हे खरं. पण मोठे स्पीकर स्टेजच्या दोन बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या मैदानाकडे असतो. पहिल्या रांगेत ड्रम आणि गिटारचे अॅम्प थेट कानावर येतात, गाण्याचे शब्द मात्र दबतात. आवाज ऐकायचा असेल तर साउंड इंजिनीअरच्या मिक्सिंग कन्सोलच्या जवळपास, मधोमध उभे राहा. तो माणूस तिथे ऐकूनच सगळं जुळवत असतो. फार मागे गेलात तर दुसरी अडचण येते. आवाजाला १०० मीटर यायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, त्यामुळे पडद्यावर काठी ड्रमवर आधी पडते आणि ठोका नंतर ऐकू येतो. वाटेत जादा स्पीकरचे खांब उभारलेले असले तर त्यांच्या थोडं पुढे राहून ऐका.

आणि कान झाका. याबद्दल मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो, आणि दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. रॉक कॉन्सर्ट सहज तिथे पोहोचते आणि दोन तास चालते. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग स्वस्त असतात. बोटांनी बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुलेपर्यंत धरून ठेवा. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर उपयोग शून्य. फोमने वरचे सूर जास्त दबतात, म्हणून वारंवार जाणाऱ्यांनी संगीतकार वापरतात तसे प्लग घ्यावेत, त्यांत सगळे सूर सारखे खाली येतात. लहान मूल बरोबर असेल तर त्याला कानावर बसणारे मफ हवेतच.

फोनवर विसंबून राहणं

हजारो माणसं एका मैदानात आली की नेटवर्क जवळजवळ बंद पडतं. तिकीट आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, पण अॅपमधला कोड बदलत राहणारा असेल तर स्क्रीनशॉट चालत नाही, तेव्हा गेटच्या बरंच आधी, नेटवर्क असताना ते उघडून ठेवा. यूपीआय अडकतं, थोडी रोकड जवळ हवी. काही फेस्टिव्हलमध्ये रिस्टबँडवरच पैसे भरावे लागतात, तिथे ते आदल्या दिवशी भरा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरतानाच ठरवा. "स्टेजच्या डावीकडे" ही जागा नव्हे, अमुक नंबरचा गेट किंवा दिव्यांचा तमुक खांब ही जागा.

चित्रीकरण एखाद्या गाण्याचं करा आणि फोन खिशात टाका. एवढ्या मोठ्या आवाजात फोनचा माइक फाटतो, आणि वर धरलेल्या हातामागे कोणीतरी असतं, तेही तितकीच वर्षं थांबलेलं.

बॅग, पॉवर बँक, छत्री, अत्तर, लायटर यांचे नियम प्रत्येक आयोजकाचे वेगळे, तिकिटासोबत येतात, वाचा. टी-शर्ट अधिकृत स्टॉलवरून घ्यायचा असेल तर शो सुरू होण्यापूर्वी घ्या, नंतर मापाचे उरत नाहीत.

घरी आल्यावर

रात्री कानात शिट्टी वाजत असेल तर परतीच्या गाडीत इअरफोन लावू नका, दुसऱ्या दिवशीही कानांना शांतता द्या. शिट्टी दोन दिवसांनंतरही टिकली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर मात्र दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते. रिस्टबँडवर उरलेले पैसे परत मागायची मुदत थोडी असते, तो अर्ज त्याच आठवड्यात भरून टाका.