समोरचे स्ट्रट बदलताना

गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदा वरखाली होऊन लगेच स्थिरावली पाहिजे. ती हेलकावे घेत राहिली, ब्रेक दाबताच नाक खाली घालू लागली किंवा टायरची नक्षी जागोजागी वाटीसारखी झिजली, तर समोरचे स्ट्रट, म्हणजे गॅरेजमध्ये ज्यांना सरसकट शॉकअप म्हणतात ते, थकले आहेत असे समजावे. मात्र खर्च करण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी, कारण दाराच्या चौकटीवरील आकड्यापेक्षा हवा बरीच जास्त असेल तर नवा स्ट्रटही हादरे थांबवू शकत नाही. लिंक रॉडचे (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या बारला स्ट्रटशी जोडणाऱ्या दांडीचे) सांधे आणि चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुशही हलवून पाहावेत; खडखडाट पुष्कळदा तिथला असतो आणि आळ शॉकअपवर येतो.

गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. स्ट्रटच्या नळीतले तेल झडपांच्या बारीक छिद्रांतून ढकलले जाऊन स्प्रिंगची उसळी उष्णतेच्या रूपाने जिरवते. म्हणूनच नळीवर तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला ओघळ दिसला तर सील गेले हे नक्की. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचा, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला, स्ट्रट असतो आणि स्टेअरिंग वळवताच तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या माथ्यावरच्या रबरी माउंटमध्ये बेअरिंग असते ते यासाठीच.

खरेदी नेहमी डाव्या-उजव्या जोडीने करावी आणि आराम हवा असेल तर ‘स्पोर्ट’ छापाच्या कडक स्ट्रटच्या मोहात न पडता कंपनीने ठरवलेल्या मापाचेच घ्यावेत. माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) आणि धूळ अडवणारे बूटही त्याच वेळी नवे घ्यावेत. मी एकदा थोडे पैसे वाचवण्यासाठी जुनेच माउंट परत बसवले. आठवडाभरात पार्किंगमध्ये स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग अडकून ‘टण्’ करून सुटू लागली आणि सगळे काम पुन्हा उघडावे लागले.

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना ठोकळे लावावेत, पुढून जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली हात घालू नये. चाक काढल्यावर ब्रेकचा होज, एबीएसची (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर आणि लिंक रॉड स्ट्रटपासून सोडवावेत. नकलच्या, म्हणजे स्ट्रटच्या तळाशी जोडलेल्या आणि चाक धरणाऱ्या भागाच्या, बोल्टची जागा आधी रंगाने खुणावून ठेवली, तर चाकाचा कोन फार हलत नाही. स्ट्रट सुटताच नकल बाहेर कलंडतो आणि होज ताणला जातो, चाकाला इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधाही निसटू शकतो; म्हणून नकल तारेने बांधावा. माउंट बॉडीला धरणारे वरचे लहान नट शेवटी सोडावेत, पण मधल्या मोठ्या नटला या टप्प्यावर मुळीच हात लावू नये.

याचे कारण म्हणजे दाबून बसवलेली स्प्रिंग. मधला नट आधी खोलला तर माउंट गोळीसारखे उडते आणि समोरच्याचे डोके फोडू शकते. समोरासमोर दोन चांगले स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारे शिकंजे) लावून, दोन्ही थोडे-थोडे आळीपाळीने आवळावेत आणि स्प्रिंग माउंटवरून मोकळी झाली, हाताने हलू लागली, की मगच नट काढावा. असा कॉम्प्रेसर हाताशी नसेल तर सुटलेला स्ट्रट गॅरेजमध्ये नेऊन तेवढेच काम करून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

नवा स्ट्रट उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण दाबावा आणि ओढावा, म्हणजे आडव्या साठवणीत तेलात शिरलेली हवा निघते. दांडा पक्कडीने कधीही धरू नये. त्यावरचा बारीकसा ओरखडाही सील कापतो. दांडा नटबरोबर फिरू लागला तर त्याच्या टोकाला अ‍ॅलन की लावून धरावा. स्प्रिंगचे खालचे टोक स्ट्रटवरच्या बैठकीच्या (सीटच्या) खाचेला नीट टेकले आहे ना, हे बोटाने चाचपूनच कॉम्प्रेसर सैल करावेत. सारे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कप्रमाणे (ठरवून दिलेल्या आवळण्याच्या जोराप्रमाणे) आवळावेत आणि नकलचे जुने नट पुन्हा वापरू नयेत.

काम संपल्यावर खुणा कितीही जुळल्या तरी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे, नाहीतर नवे टायरही एका कडेने झिजतील. नंतर ओळखीच्या गतिरोधकावरून गाडी नेऊन पाहावी. हेलकावा गेला तरी वेगात घरघर राहिली, तर ती वाटीसारख्या झिजलेल्या जुन्या टायरची असू शकते. त्यासाठी स्ट्रट पुन्हा उघडू नयेत, आधी टायर अदलाबदल करून पाहावेत.