झेड-स्कॅन करताना या चुका टाळा: उष्णतेच्या भिंगाला केर परिणाम समजू नका

बेळगाव-निपाणी भागात एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून झेड-स्कॅन (एकवटलेल्या लेसर किरणात नमुना पुढेमागे सरकवत पलीकडच्या छिद्रातून येणारा प्रकाश मोजणे) घेणार असाल, तर हाताशी बहुधा ५३२ नॅनोमीटरचा, ५० मिलिवॉटच्या आसपासचा सलग हिरवा लेसर असेल. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. रंगद्रव्याच्या द्रावणाचा आलेख सुरेख येतो, आधी शिखर, मग दरी. आणि तो इलेक्ट्रॉनांचा प्रतिसाद, म्हणजे केर परिणाम (प्रकाशाच्या तीव्रतेनुसार अपवर्तनांक बदलणे) समजून आकडा लिहिला जातो.

हिशेब करून पाहा. २० मायक्रॉन त्रिज्येच्या नाभीवर, म्हणजे किरण सर्वांत अरुंद असतो तिथे, ५० मिलिवॉटची तीव्रता जेमतेम ८ किलोवॉट प्रति चौरस सेंटिमीटर भरते. एवढ्याने १ मिलिमीटर सिलिका काचेत केर परिणामामुळे प्रकाशाची कला (फेज) रेडियनच्या कोटीव्या भागाइतकीही सरकत नाही. तुम्हाला दिसते ते द्रावण प्रकाश शोषून तापल्याने तयार झालेले भिंग. तापल्यावर अपवर्तनांक घटतो, म्हणून शिखर आधी येते.

खात्री करायची तर नमुना शिखराच्या जागी ठेवा, किरण चॉपरने (त्याची उघडझाप करणाऱ्या फिरत्या चकतीने) कापा आणि फोटोडायोडचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर पाहा. चॉपर किरणाच्या अरुंद जागी हवा, नाहीतर उघडझापच संथ होते. इथेनॉलमध्ये औष्णिक भिंग तयार व्हायला मिलिसेकंदाच्या पातळीचा वेळ लागतो. सिग्नल तसा हळूहळू स्थिरावला तर उष्णताच. मग अहवालात ‘औष्णिक’ असे स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा नाही, ते मोजमापही कामाचेच आहे. या शक्तीला ५३२ नॅनोमीटरचा संरक्षक चष्मा हवाच, क्युव्हेटच्या (द्रावण ठेवायच्या पारदर्शक पात्राच्या) भिंतीवरून परत येणारा किरणही डोळ्याला घातक असतो.

दुसरी चूक क्युव्हेटची. वरच्या नाभीची रेले लांबी (नाभीपासून किरणाचे क्षेत्रफळ दुप्पट होईपर्यंतचे अंतर) सुमारे २.४ मिलिमीटर, आणि नमुन्याची जाडी त्याहून कमी हवी. स्पेक्ट्रोफोटोमीटरची १० मिलिमीटरची क्युव्हेट इथे चालत नाही, १ मिलिमीटरची घ्या. खरा केर परिणाम असेल, तर शिखर-दरीतले अंतर सुमारे ४ मिलिमीटर यायला हवे.

जून ते सप्टेंबर इकडे हवा दमट. फ्रीजमधली क्युव्हेट लगेच लावली तर काचेवर बाष्प धरते आणि आलेख वाकडा येतो. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुसा, आणि नुसत्या द्रावकाचा स्कॅन आधी घ्या.

स्पंद (पल्स्ड) लेसर मिळाला तरी ऊर्जा वाढवत नेऊ नका. सिलिकात १०६४ नॅनोमीटरला सुमारे ४ मेगावॉटपुढे किरण स्वतःच एकवटू लागतो. ही मर्यादा तीव्रतेची नाही, शक्तीची आहे, म्हणून किरण रुंद करून ती हलत नाही. प्रत्येक वाढीनंतर पुन्हा कमी ऊर्जेचा स्कॅन घ्या. तो पहिल्यावर बसला नाही, तर डाग दिसो न दिसो, नमुना बदललेला आहे.